आकडे तेच, मग पैसा कोणता?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राच्या उत्तराला जागा अधिक दिली आहे, कारण पुढील तिन्ही उत्तरे त्याच्या आधाराने वाचावी लागतील.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या पाकिटात दोन कार्डे सापडली, एक बँकेचे आणि दुसरे एका विमान कंपनीच्या सभासदत्वाचे. दोन्हींची शिल्लक मोबाइलच्या पडद्यावर आकड्यांतच दिसत होती. बँकेतील रक्कम कागदपत्रे दिल्यावर आईच्या नावावर झाली. विमान कंपनीने मात्र सभासदाच्या मृत्यूबरोबर पॉइंट रद्द झाले, असे दोन ओळींत कळवले. वडील त्या पॉइंटना ‘माझी प्रवासाची पुंजी’ म्हणत असत. इकडेही आकडा आणि तिकडेही आकडा. मग एक पैसा ठरला आणि दुसरा काहीच ठरला नाही, असे का?

उत्तर : आपल्या वडिलांचा शब्द मी चुकीचा म्हणणार नाही. वर्षानुवर्षे प्रवास करून साठवलेल्या गोष्टीला कोणीही पुंजीच म्हणेल, आणि ती दोन ओळींच्या पत्राने पुसली जावी हे क्लेशदायक आहे. आपला प्रश्न मात्र पैशाच्या अगदी मुळाशी जाणारा आहे, तेव्हा तो सावकाश सोडवू.

बँकेतील शिल्लक म्हणजे तिजोरीत आपल्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेली नोटांची थप्पी नव्हे. बँक आपले जे देणे लागते, त्याची ती नोंद आहे. बँक कर्ज मंजूर करते तेव्हाही ती कोणा ठेवीदाराची रक्कम उचलून कर्जदाराच्या हाती ठेवत नाही; ती कर्जदाराच्या खात्यावर आकडा मांडते आणि तेवढी नवी ठेव जन्माला येते. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ साली आपल्या त्रैमासिकात ही गोष्ट अगदी साध्या भाषेत मांडली आहे. म्हणजे आपल्या रोजच्या वापरातील पैशाचा बराच मोठा भाग हा मुळात वहीतील आकडाच आहे. त्यामुळे पॉइंट ‘नुसते आकडे’ होते म्हणून गेले, असे म्हणता येत नाही. फरक शोधायचा तो त्या आकड्यामागे कोण उभे आहे, कोणत्या अटीवर उभे आहे आणि तो आकडा तिसऱ्या माणसाच्या हाती देता येतो की नाही, यांत.

प्रशांत महासागरातील याप बेटाचे उदाहरण येथे फार उपयोगी पडते. तेथे ‘राय’ नावाची दगडी चाके पैसा म्हणून चालत. हा चुनखडीचा दगड यापवर मिळत नाही; चारशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या पलाऊ बेटांवर तो खणून, तासून, मध्ये भोक पाडून समुद्रमार्गे आणावा लागे. सर्वांत मोठी चाके माणसाच्या उंचीहून अधिक व्यासाची आणि काही टन वजनाची असल्यामुळे देवघेव झाली तरी ती जागची हलत नसत. बदलत असे ते फक्त ‘हा दगड आता अमक्याचा’ हे गावाचे ज्ञान. विल्यम फर्नेस या अमेरिकी अभ्यासकाने १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एका कुटुंबाची हकिकत दिली आहे. त्या कुटुंबाचा प्रचंड दगड दोन-तीन पिढ्यांपूर्वी आणताना वादळात समुद्रात बुडाला होता. हयात असलेल्यांपैकी कोणीही तो पाहिलेला नव्हता. तरीही ते कुटुंब श्रीमंतच गणले जाई, कारण दगड किती मोठा व किती सुबक होता आणि तो बुडाला यात मालकाचा दोष नव्हता, याची साक्ष सोबतच्या मंडळींनी परत येऊन दिली होती आणि गावाने ती मानली होती.

त्याच पुस्तकात याहूनही बोलका प्रसंग आहे. बेटावर तेव्हा जर्मन अंमल होता आणि सांगूनही लोक रस्ते दुरुस्त करीत नव्हते. तेव्हा प्रशासनाने माणूस पाठवून मोलाच्या दगडांवर काळ्या रंगाच्या फुल्या मारल्या. फुली म्हणजे हा दगड सरकारजमा. दगड होते तेथेच होते, परंतु लोक खरोखर निर्धन झाले. त्यांनी रस्ते दुरुस्त केले, फुल्या पुसल्या गेल्या आणि त्यांची संपत्ती त्यांना परत मिळाली. ही गोष्ट बहुधा गमतीने सांगितली जाते, पण मला तिच्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. खाते गोठवले म्हणजे आपल्या बाबतीतही याहून वेगळे काय होते?

आता दुसरे टोक पाहा. १९७० साली आयर्लंडमधील प्रमुख बँका संपामुळे मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत बंद होत्या. लोकांनी एकमेकांना धनादेश लिहिणे थांबवले नाही. ते वटवायला बँक उघडी नव्हती, तरीही धनादेश एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहिले. कोणाचा धनादेश घ्यावा आणि कोणाचा घेऊ नये, याची पारख बरीचशी दुकानदार आणि मद्यगृहांचे मालक करीत, कारण रोजच्या गिऱ्हाइकाची ऐपत आणि दानत त्यांना ठाऊक असे. धनादेश एरवी पैसा नसतो. तो पैसा देण्याचा आदेश असतो. त्या सहा महिन्यांत तो पैशाच्या अगदी जवळ गेला, कारण तो पुढे देता येत होता आणि घेणाऱ्याला त्यामागचा माणूस माहीत होता.

या दोन उदाहरणांशेजारी आपल्या वडिलांचे कार्ड ठेवून पाहू. पॉइंटमागे देणे नव्हते असे नाही. कंपन्यांच्या हिशेबाच्या वह्यांत न वापरलेले पॉइंट हे देणे म्हणूनच दाखवावे लागतात, आणि या योजनांना केवढे मोल आहे हे २०२० मध्ये दिसले : महासाथीत विमाने जमिनीवर असताना युनायटेड एअरलाइन्सने आपली पॉइंट योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलर उभे केले. परंतु सभासदाने मान्य केलेल्या नियमावलीत बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते की पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नाही, ते दुसऱ्याला विकता येत नाहीत, त्यांना मुदत आहे, आणि एका तिकिटाला किती पॉइंट लागतील हे कंपनी केव्हाही बदलू शकते. म्हणजे देणेकरी एकच, देण्याचे मोजमापही तोच ठरवणार, आणि हक्क तिऱ्हाइताकडे जाऊ शकत नाही. बँकेला यातले काहीही करता येत नाही. ठेवीदार गेला तरी देणे उरते आणि ते वारसाला फेडावेच लागते.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. नियमावलीत ‘रद्द होतात’ असे लिहिलेले असूनही काही विमान कंपन्या वारसाने मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा देऊन विनंती केल्यास पॉइंट हस्तांतरित करतात. आपल्याला आलेले उत्तर पहिल्या टेबलावरचे असू शकते. आईच्या सहीने पुन्हा एकदा लेखी विनंती करावी, आणि अशा विनंतीला मुदत असू शकते म्हणून उशीर करू नये.

प्रश्न : धन, द्रव्य, पैसा, रोकड, चलन हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. ते खरोखर समानार्थी आहेत काय?

उत्तर : नाहीत, आणि ते वेगळे ठेवले तर विचार पुष्कळ स्वच्छ होतो. धन म्हणजे आपल्यापाशी जे जे मोलाचे आहे ते सर्व. घर, जमीन, दागिने, अंगची विद्यासुद्धा. द्रव्य हा शब्द शास्त्रात पदार्थ या अर्थानेही येतो, आणि त्यामुळे पैसा ही कसलीतरी वस्तू असावी असा भास तो निर्माण करतो. रोकड म्हणजे हातातली नाणी आणि नोटा. ‘पैसेवाला’ हा शब्द मात्र आपण सैल वापरतो : ज्याच्याकडे घरे आहेत, पण उद्याचे देणे भागवायला हाती काही नाही, तो धनवान आहे आणि पैशाच्या अडचणीत आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात.

मला या सर्वांत ‘चलन’ हा शब्द सर्वांत नेमका वाटतो, कारण तो ‘चालणे’ या एकाच कसोटीवर उभा आहे. कवडीचेच पाहा. मालदीवच्या समुद्रातील ही शिंपली जहाजांच्या तळात भार म्हणून युरोपात आणि तेथून पश्चिम आफ्रिकेत नेली जात, आणि माणसांच्या खरेदी-विक्रीच्या त्या अमानुष व्यापारात किंमत म्हणून मोजली जात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून झांझिबारच्या बाजूच्या, सहज मिळणाऱ्या दुसऱ्या जातीच्या कवड्या जहाजे भरभरून तेथे ओतल्या गेल्या आणि कवडीची किंमत कोसळली. शिंपली होती तशीच कडक आणि चकचकीत राहिली. तिचे चालणे संपले. आपल्या ‘कवडीमोल’ या शब्दात आता फक्त क्षुद्रपणा उरला आहे, पण कवडी हे एके काळी अनेक देशांत चालणारे चलन होते, ही आठवण त्या शब्दात अजून आहे.

प्रश्न : आमच्या वसाहतीतील काही कुटुंबांनी कामांची अदलाबदल करण्याचे ठरवले आहे. कोणी मुलांना शिकवील, कोणी वृद्धांना दवाखान्यात नेईल, आणि एक तासाच्या कामाबद्दल एक छापील कुपन मिळेल. हे कुपन म्हणजे पैसाच झाला का? यात काही धोका आहे का?

उत्तर : आपल्या कुटुंबांपुरता तो पैसाच झाला, उंबरठ्याबाहेर तो कागद आहे. उपक्रम चांगला आहे आणि आपण तो जरूर करावा, फक्त कुपने किती छापायची या प्रश्नाला आपण समजता त्याहून अधिक महत्त्व द्यावे.

अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे १९७० च्या दशकात सुमारे दीडशे जोडप्यांनी एकमेकांची मुले सांभाळण्यासाठी अशीच संस्था चालवली होती. अर्ध्या तासाच्या सांभाळाला एक कुपन असे. जोन आणि रिचर्ड स्वीनी हे या संस्थेचे सभासद असलेले दांपत्य; त्यांनी १९७७ मध्ये तिचा अनुभव लिहून ठेवला. झाले असे की फिरणारी कुपने कमी पडू लागली. प्रत्येक जोडप्याला वाटे, पुढेमागे निकडीचा प्रसंग येईल, तेव्हासाठी चार कुपने शिल्लक हवीत. म्हणून सगळे दुसऱ्यांची मुले सांभाळायला तयार, पण कुपन खर्चून बाहेर जायला कोणी तयार नाही. आणि कोणी बाहेरच जात नसल्यामुळे कुपन मिळवण्याची संधीही कोणाला मिळेना. मुले तीच, आईबाप तेच, इच्छाही तीच, आणि तरीही व्यवहार थंडावला. आधी नियम करून पाहिले. उपयोग झाला तो अखेर कुपनांची संख्या वाढवल्यावर. पुढे नव्या सभासदांना जितकी कुपने मिळत त्याहून कमी कुपने सोडून जाणाऱ्यांना परत द्यावी लागत, त्यामुळे कुपनांचा सुकाळ झाला, आणि मग उलटी तक्रार सुरू झाली : सर्वांना बाहेर जायचे आहे, पण मुले सांभाळायला कोणी मिळत नाही. एवढ्या लहानशा कारभारात मंदी आणि महागाई यांची दोन्ही दुखणी उमटली, आणि त्यात कोणाचाही लोभ किंवा आळस नव्हता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

कोणी सुचवील की कागदी कुपनाऐवजी एखादी उपयोगाची वस्तूच चलन म्हणून ठेवा, म्हणजे तिला स्वतःचे मोल राहील. तसे करू नये. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहिलेल्या आर. ए. रॅडफर्ड या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये कैदी छावणीतील व्यवहारांवर एक निबंध लिहिला. तेथे सिगारेट हे चलन होते. रेड क्रॉसच्या पार्सलांतून येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा भाव सिगारेटींत ठरे आणि न ओढणारेही त्या जपून ठेवीत. यंत्रावर वळलेली सिगारेट सर्वत्र चाले, म्हणून लोक तीच बोटांमध्ये हलके हलके फिरवीत, थोडी तंबाखू तळहातावर गळू देत आणि उरलेली सैलसर सिगारेट पुढे देत. हाताने वळलेली असेल तर घेणारा ती निरखून पाही. चांगल्या सिगारेटी ओढल्या जात, हलक्या फिरत राहत. आणि पार्सले थांबली, हवाई हल्ल्यांच्या रात्री लोक अधिक ओढू लागले, की चलनच धुरात जाई आणि सगळे भाव खाली येत. ज्या वस्तूची लोकांना स्वतःला गरज आहे, तिच्यावर चलनाचा भार टाकला तर दोन्ही कामांत ओढाताण होते. आपले कागदी कुपन निरुपयोगी आहे, हेच त्याच्या बाजूचे आहे.

तेव्हा वहीत प्रत्येकाची जमा-नावे ठेवावी, कोणीही काही तासांपर्यंत उणे जाऊ शकेल अशी मुभा द्यावी, आणि सभासद सोडून जाताना उणे बाजू कशी भरून काढायची हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावे.

प्रश्न : माझ्या बचतीचा मोठा भाग मी ‘रोखीसारख्याच’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका फंडात ठेवला आहे. आता मुलगा म्हणतो की त्याहून डॉलरशी बांधलेले डिजिटल नाणे बरे, तेही रोखीसारखेच. हा ‘सारखा’ किती भरवशाचा?

उत्तर : हिशेबशास्त्रात ‘रोख सममूल्य’ अशी संज्ञा खरोखरच आहे. आंतरराष्ट्रीय हिशेब मानक क्रमांक ७ नुसार अल्प मुदतीची, तत्काळ ठरावीक रकमेत रूपांतर करता येणारी आणि किमतीत बदल होण्याचा धोका नगण्य असलेली गुंतवणूक यात बसते, आणि मुदत सर्वसाधारणपणे खरेदीपासून तीन महिन्यांच्या आतली धरतात. यातील ‘नगण्य’ हा शब्द पुन्हा वाचावा. नगण्य म्हणजे शून्य नव्हे, आणि हा धोका नेमका त्या दिवशी उगवतो ज्या दिवशी सर्वांनाच रोख हवी असते.

अमेरिकेतील रिझर्व्ह प्रायमरी फंड हा अशाच प्रकारचा फंड होता. त्यातील प्रत्येक हिस्सा एक डॉलरचा, हे इतके गृहीत धरले जाई की लोक त्याला खातेच समजत. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतील मोठी गुंतवणूक बँक सप्टेंबर २००८ मध्ये बुडाली तेव्हा या फंडाकडे तिचे सुमारे ७८.५ कोटी डॉलरचे कर्जरोखे होते. फंडाच्या एकूण रकमेत हा वाटा लहान होता. तरीही १६ सप्टेंबरला हिस्सा ९७ सेंटवर आला, पैसे काढणाऱ्यांची रीघ लागली आणि फंडाने पैसे देणे थांबवले. अशा इतर फंडांतूनही लोक धावत बाहेर पडू लागल्यावर काही दिवसांत सरकारला तात्पुरती हमी द्यावी लागली. त्या फंडातील लोकांना अखेर बहुतेक सर्व रक्कम मिळाली, परंतु मिळेपर्यंत दीर्घ काळ गेला. ज्याला त्या आठवड्यात पगार वाटायचे होते, त्याला नंतर मिळालेल्या ९९ सेंटांचा उपयोग काय?

डॉलरशी बांधलेल्या डिजिटल नाण्यांतही हाच दोष वेगळ्या वेशात आहे, आणि तीही सगळी एका जातीची नाहीत. मे २०२२ मध्ये कोसळलेल्या टेरायूएसडी या नाण्यामागे पुरेशी गंगाजळीच नव्हती. जोडीच्या दुसऱ्या नाण्याच्या किमतीवर आणि लोकांच्या विश्वासावर ते उभे होते, आणि ते परत उठले नाही. यूएसडीसी या नाण्यामागे गंगाजळी होती. तिच्यातील ३.३ अब्ज डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत होते, आणि ती बँक मार्च २०२३ मध्ये बंद पडताच ते नाणे ८८ सेंटच्याही खाली गेले. सरकारने त्या बँकेतील सर्व ठेवी सुरक्षित असल्याचे जाहीर केल्यावर ते पूर्ववत एक डॉलरवर आले. येथे थांबून पाहावे : बँकांपासून मुक्त म्हणून सांगितलेले नाणे बँकेतील ठेवीवर उभे होते, आणि ठेव सरकारच्या शब्दावर. पहिल्या पत्राच्या उत्तरात विचारलेला प्रश्न, म्हणजे आकड्यामागे कोण उभे आहे, तो येथे तीन पायऱ्या खाली उतरून विचारावा लागला.

फंड वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. चांगला फंड बहुतेक वर्षे आपले काम चोख करतो. पण मुलाला आणि स्वतःलाही आपण एक हिशेब मांडायला सांगावे. येत्या दोन-तीन महिन्यांत ठरलेल्या तारखेला द्यावयाच्या रकमा कोणत्या, हप्ता, फी, औषधोपचार, ते कागदावर लिहावे. तेवढी रक्कम ठेव विम्याच्या मर्यादेत, साध्या बँक खात्यात असावी, तिच्यावर व्याज कमी मिळाले तरी चालेल. उरलेल्या रकमेसाठी फंडाचे किंवा नाण्याचे माहितीपत्रक काढून त्यात पैसे परत देणे स्थगित ठेवण्याचा अधिकार कोणाला, किती दिवस आणि कोणत्या परिस्थितीत आहे, हे कलम शोधावे. फंडाच्या कागदपत्रांत ते बहुधा सापडते, जरी बारीक अक्षरांत असले तरी. नाण्याच्या बाबतीत परत मागण्याचा हक्क थेट आपल्याला आहे की फक्त मोठ्या व्यापाऱ्यांना आणि आपण बाजारात मिळेल त्या भावाने विकायचे, हेही पाहावे. ते कलम वाचून झाल्यावरही मनात शंका उरली, तर त्याच्या प्रतीसह पुन्हा लिहावे. पुढील अंकात त्याचे उत्तर देईन.